मोर सेव्ह होईना

"आता तुम्ही बसा, द्वारकाताई," मी म्हणालो, आणि खोलीतली माणसं नकळत एकेक पाऊल मागं सरली.

खोली लहान होती. खालच्या मजल्यावर सहा माग चालू होते. त्यांची खटखट जिन्यानं वर यायची आणि थरथर जमिनीतून टेबलाच्या पायांत शिरायची. टेबलावर कॉम्प्युटर. दाराच्या चौकटीला टेकून गोवर्धनशेठ उभे होते. कारखाना त्यांचा, तिथं विणल्या जाणाऱ्या पैठण्या त्यांच्या, कॉम्प्युटरही त्यांचाच. त्यांच्या पत्नी विमलवहिनी खिडकीपाशी होत्या. पत्रव्यवहार बघणारा दिगंबर नुकताच खुर्चीतून उठला होता आणि वर्गात पहिला आल्यासारखा हसत होता. तासभर त्यानं पत्रं टाईप केली, छापली, पुन्हा टाईप केली. मशीन एकदाही अडलं नव्हतं.

द्वारकाताई खुर्चीत बसल्या. त्यांनी दोन्ही तळवे पदराला पुसले. चाळिशीच्या आसपासची बाई, अंगानं बारीक, कपाळ मोकळं. येवल्यातल्या जुन्या विणकराची, रघुनाथची, विधवा. कारखान्यातल्या सगळ्या पदरांची नक्षी त्या काढत.

त्यांनी मोर उघडला. बांगडीसारखं एक गोल कडं, त्यात चार मोर, माना एकमेकांकडे वळवलेल्या. सगळा मोर बारीक बारीक चौकोनी घरांचा. एकेक घर म्हणजे रेशमाचा एकेक धागा. त्यांनी मोराच्या गळ्यातली तीन घरं निळी केली, मान तिरकी करून पाहिलं, आणि माझ्याकडे वळल्या.

"करू?"

"करा."

त्यांनी सेव्हचं बटण दाबलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं. सगळे त्या घड्याळाकडे बघत राहिले. ते तसंच राहिलं. मी माऊस हलवला, बाण हलला नाही. कीबोर्डवर बोट मारलं, काही नाही. पडदा गोठला होता. खाली माग मात्र खटखटत होते.

"बघा," दिगंबर म्हणाला. "म्हणलो नव्हतो? ह्यांचा हात लागला का मशीन मान टाकतं."

"दिगंबर," शेठ म्हणाले, पण त्यात दटावणी नव्हती.

मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा दिगंबरला बसवलं. दोन पत्रं, एक पावती. ठीक. पुन्हा द्वारकाताईंना बसवलं. मोर, तीन निळी घरं, सेव्ह. पुन्हा पडदा गोठला.

द्वारकाताई उठून उभ्या राहिल्या. खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाल्या, "भाऊ, एकदा दिगंबरभाऊंनाच मोर सेव्ह करायला सांगा ना."

"मला नाही येत बाई तुमचं ते मोरपीस," दिगंबर म्हणाला.

"यायचंय काय त्यात? मी उघडून देते. तुम्ही फक्त बटण दाबायचं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"त्यानं काही सिद्ध होणार नाही, ताई," मी म्हणालो.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. कोपरगावला बसस्टँडमागं माझं दुकान, दारावर पाटी: प्रभाकर सोनटक्के, कॉम्प्युटर दुरुस्ती. हा कॉम्प्युटर मीच गोवर्धनशेठना आणून दिला होता, दुसऱ्याचा वापरलेला. नक्षीच्या फायली मोठ्या, जुनी डिस्क भरत आली, म्हणून दिवाळीनंतर मी मोठी डिस्क बसवली. मशीन जुनं, त्याला एवढी मोठी डिस्क ओळखता येईना, म्हणून एक वेगळं कार्ड आत घातलं. कंट्रोलर म्हणतात त्याला. डिस्क आणि बाकीचं मशीन यांच्यामधला तो कारभारी. त्या कारभाऱ्याशी बोलायची रीत मशीनला शिकवणारा एक प्रोग्रॅम असतो, तो ड्रायव्हर. ड्रायव्हर मी माझ्या पिशवीतल्या नेहमीच्या सीडीवरून घातला. ती सीडी सगळ्याच कार्डांना चालायची. मला तसं वाटायचं.

त्यानंतर तीन आठवडे मशीन मधूनच गोठत होतं. पाच वेळा मी कोपरगावहून येवल्याला आलो. मेमरी बदलली. पॉवर सप्लाय बदलला. केबल बदलली. सगळं पुसून विंडोज पुन्हा टाकली, आणि प्रत्येक वेळी त्याच सीडीवरून तोच ड्रायव्हर. मी निघायचो तेव्हा मशीन चालत असे. मी कोपरगावात उतरेपर्यंत दुकानातला फोन वाजत असे.

"सोनटक्के, तुम्हाला हे जमतं का नाही ते सांगा," शेठ आदल्या दिवशी फोनवर म्हणाले होते. "नाहीतर नाशिकहून माणूस बोलावतो."

त्या वाक्याचं ओझं घेऊन मी आलो होतो. त्या ओझ्याखाली मला मशीन दिसेनासं झालं, माणूस तेवढा दिसायला लागला.

"ताई," मी विचारलं, "मशीनला हात लावताना कधी झिणझिण्या येतात?"

द्वारकाताई खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. "येतात कधी कधी," त्या म्हणाल्या. "थंडी पडल्यापासून जास्त."

"मग बरोबर आहे." मी शेठकडे वळलो. माझा आवाज मलाच आवडेल इतका शांत होता. "माणसाच्या अंगात स्थिर वीज साठते. थंडीत, कोरड्या हवेत जास्त. रेशमात काम करणाऱ्याच्या अंगात आणखी. काही माणसांच्या अंगात मुळातच इतरांपेक्षा जास्त साठते. ती हातातून मशीनमध्ये उतरते, आणि मशीन नाजूक असतं."

ह्यातलं एकेक वाक्य पुस्तकात सापडेल. सगळी मी ज्या क्रमानं ओवली, तो क्रम माझा होता.

खिडकीपाशी विमलवहिनींनी हळूच श्वास सोडला. "म्हणजे त्यांच्या हातातच आहे."

"तसं... हो. म्हणजे विजेच्या भाषेत."

'विजेच्या भाषेत' हे कुणी ऐकलं नाही.

द्वारकाताईंनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. घाई न करता, दुसऱ्याच्या घरातलं भांडं खाली ठेवावं तसा.

हा कॉम्प्युटर दसऱ्याच्या सुमाराला पहिल्यांदा आला तेव्हा त्यांना शिकवायला मीच बसलो होतो. पंधरा दिवसांत त्या ग्राफपेपरवरून पडद्यावर आल्या. घरं भरताना तोंडातल्या तोंडात गुणगुणायच्या, स्वतःच जुळवलेलं:

निळा घालू किती बाई, निळा पुरेना पिसाऱ्याला
मोर रुसून बसला माझ्या पदराच्या किनाऱ्याला

एकदा मला म्हणाल्या, "बरं आहे हे यंत्र, भाऊ. मागावर नवा ताणा चढला का मला लांब उभं राहायला सांगतात. पहिला धागा सवाष्णीच्या हातचा पाहिजे. ह्याला सगळे हात सारखे." आणि हसल्या होत्या. बारीक, वरच्या पट्टीतलं हसू.

मी विजेचं बोललो त्या दिवशी शेठनी लगेच ठरवलं. मनमाडची त्यांची भाची अनिता शिकलेली आहे, ती परवापासून कॉम्प्युटरवर बसेल. द्वारकाताईंनी खाली रेशमाच्या कांड्या भराव्यात.

"कांड्या?" विमलवहिनी म्हणाल्या. "रेशमातच ना परत? आत्ता साहेब काय म्हणाले?"

शेठनी कपाळ खाजवलं. मग म्हणाले, "बरं, झाडलोट बघतील. हाताला काम असलं म्हणजे झालं."

द्वारकाताईंनी टेबलाच्या खणातून आपले ग्राफपेपर काढले, कडा जुळवल्या, छातीशी धरले, आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कोपरगावात शब्बीरभाईंच्या फोटो स्टुडिओतून बोलावणं आलं. शब्बीरभाई म्हणजे आडवा-तिडवा गडी, हात पंख्याच्या पात्यांएवढे. लग्नांचे फोटो कॉम्प्युटरवर घेताना मशीन गोठत होतं.

"तू ती मोठी डिस्क लावून गेलास ना, तेव्हापासून," ते म्हणाले. "आधी काय झालं नव्हतं. काय लावलंस रे बाबा आत?"

शब्बीरभाईंच्या हातात काही आहे असं तिथं कुणी म्हणालं नाही. माझ्याही मनात आलं नाही. मी सरळ मशीन उघडलं. आत तेच कार्ड होतं, येवल्याच्या बरोबरीनं घेतलेलं, एकाच खोक्यातलं. टॉर्च धरून चिपवरचा नंबर वाचला. माझ्या सीडीवरचा ड्रायव्हर ज्या चिपसाठी होता, तिचा नंबर अगदी असाच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. भाऊ भाऊ, पण वेगळे. मोजकं काम आलं की हा ड्रायव्हर निभावून न्यायचा. मोठी फाईल एकदम लिहायची वेळ आली की गडबडायचा, आणि मग सगळं मशीन त्याची वाट बघत उभं राहायचं.

कार्डाबरोबर आलेली मूळ सीडी माझ्या दुकानात खणात होती. प्लॅस्टिकचं वेष्टनही काढलं नव्हतं. मी ती आणली, ड्रायव्हर बदलला. दहा मिनिटं लागली. सहाशे फोटो एका दमात आत गेले.

"हे रे भारी," शब्बीरभाई म्हणाले. "काय होतं?"

"ड्रायव्हर चुकीचा होता."

"कुणी टाकलेला?"

"मीच."

ते मोठ्यानं हसले. "चल, चहा घे." एवढ्यावर संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी येवल्याला निघालो. खिडकीशी बसून वाक्य पाठ करत होतो. शेठ, चूक माझी होती. द्वारकाताईंच्या हाताचा काही संबंध नाही. एवढंच. शब्बीरभाईंसमोर जसं तोंडातून निघून गेलं तसंच इथंही निघेल, असं वाटत होतं.

कारखान्यात पोचलो तर खोलीत उदबत्तीचा वास. कॉम्प्युटरवर हळदीकुंकवाची दोन बोटं, समोर फोडलेला नारळ. अनिता नवी साडी नेसून खुर्चीत बसलेली. तिच्यामागं विमलवहिनी, दिगंबर, खालचे दोन विणकर.

"या, या," शेठ म्हणाले. "बरं झालं आलात. आज अनिताच्या हातानं सुरुवात. एकदा नजर टाका मशीनवर."

वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण खोलीत इतकी माणसं होती, आणि नारळाचं पाणी अजून ताटात होतं.

"दहा मिनिटं सगळ्यांनी बाहेर थांबा," मी म्हणालो. "जरा आतली साफसफाई करतो."

सगळे बाहेर गेले. मी दार लोटलं, ड्रायव्हर बदलला, सीडी काढून पिशवीत टाकली, दार उघडलं.

अनितानं मोर उघडला. एक घर रंगवलं. सेव्ह. वाळूचं घड्याळ आलं आणि गेलं. तिनं पुन्हा केलं. पुन्हा गेलं. पाचव्यांदा विमलवहिनींनी तिच्या कानशिलांवरून हात ओवाळून स्वतःच्या कपाळाशी बोटं मोडली.

"पाहिलंत? पहिल्याच दिवशी! मशीनलासुद्धा कळतं बाई."

दिगंबर म्हणाला, "मी तर आधीपासून सांगत होतो."

शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लोक नाशिक-पुण्याकडं पळतात. आपल्या घरचा माणूस बघा, सगळं तपासून नेमकं बोट ठेवलं. सोनटक्के, पाटोद्याला दुसरं केंद्र काढतोय. चार मशीन लागतील. ते काम तुमचं."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हो शेठ. नक्की."

जिना उतरलो तेव्हा द्वारकाताई मागांच्या मधली वाट झाडत होत्या. मला बघून त्या बाजूला झाल्या. माझ्या अंगाला अंग लागू नये इतक्या बाजूला.

"चाललं का, भाऊ?"

"चाललं."

"मोर गेला आत?"

"गेला."

"बरं झालं." त्यांनी झाडू खाली टेकवला. "गळ्यातली ती तीन घरं राहिली असतील. निळी करायला सांगा अनिताला. नाहीतर मोर गळा दाबल्यासारखा दिसतो."

मी सांगितलं नाही. मी पुन्हा वर गेलोच नाही.

माघ महिन्यात, एका दुपारी, त्या माझ्या कोपरगावच्या दुकानात आल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढं केली, बसल्या नाहीत. काउंटरवर कीबोर्ड उघडे पडले होते. त्यांच्यापासून त्या हातभर लांब उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळलेले.

"उद्या कुंदाची हळद आहे," त्या म्हणाल्या. कुंदा त्यांची एकुलती मुलगी.

"अरे वा."

"व्याही वैजापूरचे. विहीणबाई शिक्षिका आहेत. त्यांनीच सांगितलं होतं, पहिली हळद आईनं लावायची, सवाष्ण-विधवा आम्ही मानत नाही. कुंदाचाही तोच हट्ट. मी म्हटलं, बाई, एवढं पुण्य मी कधी केलं?" त्या हसल्या नाहीत. "गल्लीतल्या बायका जरा कुरकुरल्या, पण विधवा म्हणून तोंडावर कुणी अडवलं नाही. आता वेगळंच म्हणतात. म्हणतात, हे काही आपलं जुनं मत नाही, हे तर कॉम्प्युटरवाल्या साहेबांनी तपासून सांगितलंय. ह्यांच्या हातात आहे."

मी काउंटरवरचा स्क्रू उचलला आणि परत ठेवला.

"भाऊ, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना बाहेर काढलंत. दहा मिनिटं. साफसफाई करतो म्हणालात." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "दहा मिनिटांत साफसफाई होत नाही, भाऊ. मी आता रोज करते."

रस्त्यावरून उसाची बैलगाडी जात होती. ती जाईपर्यंत मी तिच्या चाकांकडे बघत राहिलो.

"ड्रायव्हर बदलला," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"डिस्कवर लिहायचं कसं हे मशीनला सांगणारा एक असतो. मी चुकीचा घातला होता. छोटी पत्रं त्याला झेपायची. मोर मोठा होता."

"मोर मोठा होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

"दिगंबरभाऊंनी बटण दाबलं असतं तर?"

"तरी बंद पडलं असतं."

त्यांनी पदरातून हात काढले. तळवे वर केले, उलटे केले, पुन्हा सरळ केले. बाजारातून आणलेलं काही तपासून घ्यावं तसे. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटलं होतं त्या रागावतील, आणि मी त्यासाठी मान खाली घालून तयारही होतो.

"मला माहीतच होतं," त्या म्हणाल्या. "पण रात्री कधी कधी वाटायचं, असेलही. कुंदाच्या केसांना तेल लावताना हात थांबायचा." मग आवाज बदलून, "मला सांगून काय उपयोग, भाऊ. त्यांना सांगा. उद्या दहाला हळद आहे. शेठ, वहिनी, सगळे येणार आहेत. तुम्ही या, आणि हे जे मला बोललात ते त्यांच्यासमोर बोला. मग मी पोरीला हळद लावीन."

"येतो, ताई."

"येतो नका म्हणू. सांगतो म्हणा."

"सांगतो."

त्या वळल्या. जाताना त्यांनी काउंटरवरच्या एका उघड्या कीबोर्डवर बोट टेकवलं, एकच, आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. गल्लीत छोटा मांडव होता, आंब्याच्या डहाळ्यांचा. पाटावर कुंदा बसलेली, पिवळी साडी, डोळे आईवर. बायका गात होत्या:

हळद दळिते बाई, पिवळी झाली गं पहाट
लेक बसली पाटावर, बघे आईची गं वाट

शेठ खुर्चीत होते. मला बघून त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली. "या सोनटक्के. पाटोद्याची मशीनं सोमवारी येतायत हं. मंगळवारी जोडून टाका." मी बसलो.

विहीणबाई पुढं आल्या. उंच, चष्मा लावलेल्या, बोलण्यात ठसका. "या ताई," त्या म्हणाल्या, "पहिला हात तुमचा."

द्वारकाताई हळदीच्या वाटीपाशी आल्या. वाटी त्यांनी उचलली नाही. वाटीच्या काठाशी बोटं नेऊन त्या थांबल्या.

"विहीणबाई, एक सांगू का?" विमलवहिनी म्हणाल्या. अगदी गोड आवाजात. "विधवा म्हणून आम्ही म्हणत नाही. आम्हीही तेवढ्या जुन्या नाही. पण ह्यांच्या हाताचं शास्त्राप्रमाणं निघालंय. आमचं मशीन ह्यांच्या हातानं बंद पडायचं. तपासणारे साहेब हे काय, इथंच बसलेत."

गाणं थांबलं. मांडवातले सगळे चेहरे माझ्याकडे वळले.

विहीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय हो? खरंय का हे?"

मी उभा राहिलो. द्वारकाताई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत विनवणी नव्हती. आता हा बोलणार, एवढीच खात्री होती.

"तसं काही नसतं," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही तसं म्हणाला नव्हता?" विहीणबाईंनी विचारलं.

"म्हणालो होतो. पण... शास्त्रात असं ठाम सांगता येत नाही."

"म्हणजे असू शकतं?"

"असूही शकतं. नसूही शकतं."

"अहो, मग एवढंच सांगा," विमलवहिनी म्हणाल्या, "त्या उठल्यापासून आमचं मशीन एकदाही बंद का नाही पडलं?"

ह्याचं उत्तर मी आदल्या दिवशी उंबऱ्यात दिलं होतं. त्याच्या दोन महिने आधी शब्बीरभाईंना चहा पिता पिता दिलं होतं. शेठ खुर्चीतून मान वर करून माझ्याकडे बघत होते, कौतुकानं, आपल्या माणसाकडे बघावं तसे. त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. कुणीही माझा गळा धरला नव्हता.

"योगायोग असेल," मी म्हणालो.

विहीणबाईंनी चष्मा काढला, पुसला. शिकलेली बाई, त्यांना वाईट वाटत होतं ते दिसत होतं. "ताई, माझं काही म्हणणं नाही," त्या द्वारकाताईंना म्हणाल्या. "पण हे साहेबच शंका ठेवतायत. शुभकार्य आहे. मनात शंका नको."

द्वारकाताईंनी वाटीच्या काठावरची बोटं उचलली. त्यांची जाऊ मागं उभी होती, तिला म्हणाल्या, "जा, तू लाव." आवाज नेहमीसारखा होता. मग दोन्ही हात पदरात घेऊन त्या मांडवाच्या खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

कुंदाच्या गालाला हळद लागली. ती आईकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, आणि जाऊबाईंचा हात तिची हनुवटी वळवत होता तरी ती पुन्हा माझ्याकडे वळत होती.

बायकांनी गाणं पुन्हा धरलं.

"बसा हो," शेठनी माझ्या शर्टाला धरून खाली ओढलं. "बायकांच्या भानगडीत आपण कशाला पडायचं? चला, पंगत बसतेय."

पंगत शेजारच्या ओसरीत होती. मी शेठच्या शेजारी मांडी घातली. वरण-भात आला, बटाट्याची भाजी आली. द्वारकाताई वाढायला आल्या नाहीत. दिगंबर लापशीचं भांडं घेऊन ओळीतून येत होता. माझ्यासमोर थांबला, वाकला.

"साहेब, लापशी घ्या की. तूप आहे वरून."

मी पत्रावळ पुढं सरकवली.